आमच्या लेकरांना आधी रांगू द्या!

आंबेडकरी चळवळीत शिक्षणावर जेवढे बोलले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बोलले जात असेल. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, आरक्षण, खासगीकरण, विद्यापीठांतला जातीयवाद या प्रत्येक प्रश्नावर आम्ही लेख लिहितो, मोर्चे काढतो, कोर्टात जातो. ते केलेच पाहिजे. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाबद्दल आमच्या चळवळीकडे सांगण्यासारखे काय आहे? जवळजवळ काहीच नाही. ते मूल आईचे, आजीचे, फार तर शेजारच्या मावशीचे. त्याचा प्रश्न 'घरगुती'. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न घरगुती नाही, राजकीय आहे. आणि तो पाटी-पेन्सिलीपासून सुरू होत नाही. तो मुलाच्या हालचालीपासून सुरू होतो.

अंबरनाथ पूर्वेचेच उदाहरण घेऊ. सकाळी कर्जतकडून येणाऱ्या लोकलला लटकून मुंबई गाठणाऱ्या बाया इथल्या. आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणाऱ्या इथल्या. कानसई, बी-केबिन रोड, शिवगंगा नगरच्या इमारतींत धुणी-भांडी करणाऱ्या इथल्याच, आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायला जाणाऱ्याही. यांची लहान मुले दिवसभर कुठे असतात? ज्यांना आजी आहे ती आजीकडे. बाकीची 'सांभाळणाऱ्या मावशी'कडे. दहा बाय बाराची खोली, मुले सहा-सात, मावशी एकटी. तिला स्वतःचा स्वयंपाकही करायचा असतो. मग एक मूल झोळीत, एक वॉकरमध्ये, दोन मोबाईलसमोर आणि एक भिंतीशी उशा लावून बसवलेले. बाहेर उघडे गटार आणि रिक्षा म्हणून दार लावलेले. संध्याकाळी आई विचारते, "त्रास दिला का गं मावशी?" मावशी कौतुकाने सांगते, "नाही गं, लई शहाणं आहे तुझं पोरगं. बसवलं तिथं बसून राहतं."

बसवलं तिथं बसून राहतं! आपल्या वस्त्यांत लेकराचे याहून मोठे कौतुक नाही. हे आम्ही मावशीला दोष देण्यासाठी सांगत नाही. तिच्या जागी कोणीही असता तरी हेच केले असते. पण या वाक्यावर आंबेडकरी माणसाने तरी क्षणभर थांबायला हवे.

बसवणे ही जातीची जुनी रीत

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गात वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. ते गोणपाट घरून आणायचे आणि घरी न्यायचे, कारण शाळेची साफसफाई करणारा नोकर त्याला हात लावायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. जातीव्यवस्था मनात असते असे आपण म्हणतो, पण ती आधी शरीरावर चालते. कोणी कुठे बसायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, कोणत्या पाणवठ्यावर वाकायचे, कोणासमोर उठून उभे राहायचे, हे सगळे शरीराच्या हालचालीचे नियम आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे चालत चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा तोडले गेले ते हेच नियम. आपल्या आंदोलनाला मराठीत 'चळवळ' म्हणतात आणि अंगात चैन नसलेल्या पोराला 'चळवळ्या' म्हणतात. भाषेला हे नाते माहीत आहे. आपण मात्र विसरलो.

ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या 'बसवले तिथे' बसावे लागले, त्या समाजाने आपल्या बाळाला पहिला गुण म्हणून तेच शिकवावे का?

आणि यात मुलींचे आणखी वेगळे. रांगत्या मुलीला घेरदार फ्रॉक घालतात. रांगताना तो गुडघ्याखाली येतो, ती अडकते, तोंडावर पडते, मग तिला उचलून बसवतात. थोडी मोठी झाली की 'पाय मिटून बस', 'उड्या मारू नकोस'. मुलगा खिडकीच्या गजाला लोंबकळला की 'दांडगा', मुलगी लोंबकळली की 'वळण नाही'. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या बाबासाहेबांच्या घरांत हे चालते, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

शरीर आधी, पाटी नंतर

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाच्या आतले, अजून रांगत नसलेले बाळ जागे असताना दिवसभरात किमान ३० मिनिटे पोटावर असावे, एका दमात नाही, थोडे थोडे करून. एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली ६० मिनिटे तरी धावण्या-उडी मारण्याची, दम लागेल अशी. कोणत्याही लहान मुलाला सलग एका तासाहून जास्त वेळ गाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नये. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही नको, आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आता ही यादी घेऊन वरच्या खोलीकडे पुन्हा बघा.

याच संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची वाढ तपासली. २००६ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका लांब आहे. म्हणजे शेजारणीचे पोर दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर आपले 'मंद' नाही. काही मुले न रांगताच उभी राहतात, तीही ठीक असतात. पण मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. तो २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला, आणि त्याच्या पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासणे अपेक्षित आहे. आपल्या अंगणवाडीत ते पथक शेवटचे कधी आले, हे कार्यकर्त्यांनी विचारलेच पाहिजे.

हंगेरीच्या डॉक्टर एमी पिक्लर यांचे काम इथे समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धाने देश उद्ध्वस्त केल्यानंतर १९४६ साली त्यांनी बुडापेस्टमध्ये लोत्सी नावाच्या रस्त्यावर अनाथ आणि निराधार तान्ह्या मुलांसाठी बालगृह चालवायला घेतले. तिथला नियम साधा होता. मूल स्वतःहून ज्या स्थितीत जाऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवायचे नाही. बसता येत नसेल तर उशा लावून बसवायचे नाही, उभे राहता येत नसेल तर बोट धरून चालवायचे नाही. पाठीवर ठेवायचे, मोकळी कोरडी जमीन द्यायची आणि वाट बघायची. मूल आपणहून कुशीवर वळते, पालथे पडते, सरपटते, रांगते, बसते, धरून उभे राहते. दर पायरीला ते तोल सावरायला आणि नीट पडायलाही शिकते. मात्र दूध पाजताना, अंघोळ घालताना, लंगोट बदलताना सांभाळणारीने त्या एका मुलाकडे पूर्ण लक्ष द्यायचे, त्याच्याशी बोलायचे. पोटभर माया मिळालेले मूल मग बराच वेळ आपल्या आपण खेळते. हे कोणा श्रीमंताच्या घरी सिद्ध झालेले नाही, ज्यांना कोणीच नव्हते त्या लेकरांत सिद्ध झाले.

वॉकरबद्दल एकदा स्पष्ट बोलू. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही. त्यात ते पायाच्या बोटांनी ढकलत फिरते, स्वतःचा तोल सावरत नाही. उंबऱ्यावरून, जिन्यावरून वॉकरसकट कोसळून मुलांची डोकी फुटतात. म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे बारशाला वॉकर भेट देतात! त्यापेक्षा आपल्या जुन्या सुताराचा पांगुळगाडा कितीतरी शहाणा होता. मूल आधी स्वतः उभे राही, मग गाडा ढकली, थकले की सोडून देई. त्यात ते कैद नसे.

गरिबांच्या पोरांसाठी निघालेले शिक्षण विकले कोणाला?

अंबरनाथ पूर्वेला नव्या इमारतींखाली 'माँटेसरी' लिहिलेल्या पाट्या दिसतात. त्यांची फी आमच्या वस्तीतल्या बाईच्या महिन्याच्या कमाईशी स्पर्धा करते. पण मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले ते रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीतल्या चाळीत. आईबाप कामावर, मुले दिवसभर जिन्यांत मोकाट, भिंती खराब करतात, म्हणून इमारतीच्या मालकांनी त्यांना एक खोली दिली. तिथे माँटेसरींनी मुलांना बाकाला खिळवले नाही. त्यांच्या उंचीचे फर्निचर दिले, हिंडू दिले, पाणी ओतू दिले, बटणे लावू दिली. कामगारांच्या पोरांवर उभी राहिलेली ही पद्धत आज कामगारांच्याच पोरांना परवडत नाही. ही चोरी नाही तर काय?

दुसरी गोष्ट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. वंचित वस्त्यांतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर झाली. शब्दात अंगण आहे. आज शहरातल्या अंगणवाडीला अंगण कुठे आहे? भाड्याची अंधारी खोली, कोपऱ्यात धान्याच्या गोण्या आणि वजनकाटा, उरलेल्या जागेत मुले मांडीला मांडी लावून बसलेली.

त्याहून मोठी गोम अशी की अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही काही तासांचे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी शासनाकडे लस आहे, वजन आहे आणि घरी न्यायचे पोषण आहाराचे पाकीट आहे. ज्या वयात मूल पालथे पडायला, रांगायला, चालायला शिकते, त्या वयात त्याच्या आईला आठ तासांची सुरक्षित जागा मात्र नाही.

हे आपोआप झालेले नाही. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांच्या आत करावा असे होते. त्यात खालची वयोमर्यादाच नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वर्षांसाठी. सहाच्या आतले मूल मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. म्हणजे ज्याला कोर्टात भांडता येईल असा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. तोवर ज्याच्या बापाकडे पैसा त्याचे मूल पुढे निघून गेलेले असते. मग दहावीच्या निकालात आम्ही 'गुणवत्ता' मोजतो!

आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप आपल्याच घरातून येतो. "आपली पोरं आधीच मागे. खेळायला काय, तिसऱ्या वर्षी ए-बी-सी-डी गिरवायला लावा." या भीतीमागे इतिहास आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले त्यांना अक्षराची घाई असणारच. पण पेन्सिल बोटे धरत असली तरी तिला आधार देतात मनगट आणि खांदा. ते बळ येते रांगण्यातून, लोंबकळण्यातून, कणीक मळण्यातून, वाटाणे सोलण्यातून, पाणी ओतण्यातून. ज्या हाताने हे काही केले नाही त्याला तिसऱ्या वर्षी पेन्सिल दिली तर तो हात दुखतो आणि मूल शाळेला कंटाळते. 'शिका' म्हणजे गिरवा असा अर्थ नाही.

मात्र एक खबरदारी. हाताची कामे शिकवताना झाडू कोणाच्या हातात जातो यावर नजर ठेवा. सगळ्या मुलांनी पाळीपाळीने सगळी कामे केली तर ते शिक्षण. ठरावीक वस्तीच्या पोरांनीच झाडले तर ती जातच, फक्त लहान मापाची.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला आणि संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर आमच्या भागात प्रत्येक आई धास्तावली, आणि ते स्वाभाविक आहे. पण या घटनांतून 'मुलांना आणखी कोंडा' हा धडा निघत नाही. धोका मुलांच्या हिंडण्यात नव्हता. तो मोठ्यांच्या बेजबाबदारीत आणि पालकांचे लवकर न ऐकणाऱ्या यंत्रणेत होता. लहान मुलांच्या जागेला कुलूप नको, उघडे दार हवे, ज्यातून कोणतीही आई न सांगता केव्हाही आत येऊ शकेल. आणि ज्या मुलाला स्वतःच्या शरीरावर आपला ताबा आहे हे ठाऊक असते, ज्याच्या 'नको'ला रोज मान मिळतो, त्याला कोणाचा नकोसा स्पर्श घरी येऊन सांगणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप, "जागाच नाही, मावशी एकटी, हे सगळे बोलायला सोपे." बरोबर आहे. म्हणूनच हा प्रश्न मावशीच्या स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. कारखाना कायद्यातल्या सुधारित तरतुदीनुसार तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. पण घरकामगार बाई आणि चार मशीनच्या गाळ्यात धागे कापणारी बाई या आकड्यांत बसतच नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी ही फट बुजवायची नाही तर कोणी?

मग करायचे काय?

एक. आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्धविहार किंवा समाजमंदिर आहे. रविवारी वंदना, जयंती-महापरिनिर्वाण दिनाचे कार्यक्रम, कधी लग्न. बाकी दिवस कुलूप. ती फरशी या लेकरांची आहे. सोमवार ते शनिवार ती कामकरी बायांच्या मुलांसाठी उघडा. जयंतीच्या डीजेच्या खर्चात किती सतरंज्या येतील आणि दोन तायांचे किती महिन्यांचे पगार निघतील, याचा हिशोब प्रत्येक मंडळाने एकदा जाहीर मांडावा.

दोन. तिथे महागडी खेळणी नकोत. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतची जागा निर्धोक करा. विजेची बटणे झाका, पाण्याच्या बादल्या रिकाम्या ठेवा, फिनेलच्या बाटल्या वर ठेवा. चढायला पाट आणि गादीची गुंडाळी, ढकलायला उपडे घमेले, भरायला-ओतायला वाट्या आणि डबे. पाय अनवाणी, कपडे सैल, मुलींना रांगत्या वयात चड्डी-बंडी. वॉकर नाही, मोबाईल नाही.

तीन. सांभाळणाऱ्या ताईला 'सेवा' म्हणून राबवू नका, पगार द्या. कमीत कमी दोघी असाव्यात. अंगणवाडी सेविकांना शासन आजही वेतन देत नाही, 'मानधन' देते. याविरुद्ध महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या होत्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. जे शासन करते तेच आपण विहारात करू नये.

चार. शासनाला सोडायचे नाही. १३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायचे आहे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते, आणि देशात अशी १७,००० केंद्रे करण्याचे लक्ष्य आहे. त्यातली अंबरनाथला किती, हा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज. वस्तीतली मुले मोजा, यादी करा, आयांच्या सह्या घ्या, बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याला आणि नगरपरिषदेला निवेदन द्या आणि पोच घ्या. पोच नसलेले निवेदन म्हणजे रद्दी.

पाच. जमीन मागा. विकास आराखड्यातली मैदाने-उद्याने कोणाच्या ताब्यात आहेत ते तपासा. वालधुनीच्या काठी हजार वर्षांचे देऊळ बघायला लोक दुरून येतात, पण त्याच पूर्वेत दोन वर्षांच्या पोराला निर्धास्त धावायला शंभर फूट गवत मिळत नाही.

तरुण मित्रांनो, तुम्ही अभ्यासिका चालवता, एमपीएससीचे वर्ग घेता. चांगलेच करता. पण त्या अभ्यासिकेत वीस वर्षांनी येणारा मुलगा किंवा मुलगी आज कुठल्यातरी बंद खोलीत उशांच्या आधाराने बसवलेली आहे. तिला आधी पालथे पडू द्या. पडेल, रडेल, पुन्हा उठेल. कोणी बोट न धरता ती पहिले पाऊल टाकेल, तेव्हा 'मी करू शकते' हे तिला कोणत्याही पुस्तकाआधी तिच्या स्वतःच्या पायांनी शिकवलेले असेल. स्वाभिमानाचा धडा तिथून सुरू होतो.

या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या बैठकीत एक ठराव घ्या, विहाराचे कुलूप काढण्याचा. बाकीचे लेकरे स्वतः करतील.

जय भीम!